दोन हजार एकशे चौदा किलोमीटर

आठ महिन्यांत माझ्या मीटरवर दोन हजार एकशे चौदा किलोमीटर जमा झाले. माझ्या सीटवरचे प्लास्टिक मात्र पहिल्या दिवशी होते तसेच राहिले. त्यावर एकही सुरकुती पडली नाही.

मित्रांनो, मी व्यायामाची एक जुनी सायकल आहे. मला एकच चाक असून मी जागची हलत नाही. २००४ साली टेम्पोतून मी शिक्रापूरच्या महामार्गालगतच्या एका खासगी रुग्णालयात आले. तेथील डॉक्टर विक्रम पुण्यात एक व्याख्यान ऐकून आले होते. रुग्णसेवा करणाऱ्यांनी कामाच्या वेळेतच थोडा व्यायाम केला, तर त्यांचा ताण हलका होतो, असे त्यात सांगितले होते. त्यात खोटे काही नव्हते. डॉक्टरांनी मला कर्मचाऱ्यांच्या जेवणाच्या खोलीत ठेवले, माझ्या मुठीला वही बांधली आणि नियम केला: प्रत्येक सिस्टरने रोज वीस मिनिटे सायकल चालवावी व चार किलोमीटरची नोंद करावी.

ही वीस मिनिटे कोठून आणायची, हे नियमात नव्हते. वॉर्ड सोडता येत नसे. उरला जेवणाचा अर्धा तास.

पहिल्याच दुपारी सिस्टर गौतमी डबा उघडून माझ्याकडे पाहत बसल्या. त्यांचे घोटे सुजले होते. जमिनीवर आया साखरबाई पट्ट्यांच्या घड्या घालत होत्या.

"सिस्टर, पाय वर घ्या आन् गुमान जेवा. चाक फिरवाया हात बी चालतो."

"मावशी, सरांना कळलं तर?"

"सर आकडा बघत्यात. तुमचं पाय कवा बघितलं व्हय त्यांनी?"

दोघी हसल्या. साखरबाईंनी एका हाताने माझे पायडल फिरवायला सुरुवात केली. ते त्यांनी मायेने केले, हेही नोंदवले पाहिजे. पुढे त्या रुग्णालयातल्या तिन्ही सिस्टरांसाठी रोज तसेच करू लागल्या.

माझे मीटर चाकाचे फेरे मोजते. चाक कोणी फिरवले, हे त्याला कळत नाही. मित्रांनो, यंत्र मोजते तेवढेच सांगते. उरलेले माणसाला विचारावे लागते.

चार महिन्यांनी डॉक्टरांनी वही चाळली. "उत्तम! ताण कमी झालाय. आता दोघींत भागेल," असे म्हणून त्यांनी तिसऱ्या सिस्टर मोनालीला कामावरून कमी केले. महामार्गावरचे अपघात कमी झाले नव्हते. ट्रक गेला की खिडकीबरोबर मीही थरथरत असे. गौतमींची बारा तासांची पाळी सोळावर गेली. दुसऱ्या सिस्टर रजेवर असल्या की अठरावर. एकदा त्यांनी वहीत सलग तीन दिवस एकच तारीख लिहिली. कोणी हटकले नाही. आकडा बरोबर होता.

मग एका सकाळी अकरा वाजता वॉर्डात आरडाओरडा झाला. पायाला जखम झालेला नवनाथ नावाचा कामगार दाखल होता. त्याला पेनिसिलिन सोसत नाही, असे केसपेपरवर लाल शाईने लिहिले होते. गौतमींनी त्याला तेच इंजेक्शन दिले. त्याचा श्वास कोंडला. चाळीस मिनिटांच्या धावपळीनंतर तो वाचला.

दुपारी गौतमींनी थकव्याचे कारण सांगितले, तेव्हा डॉक्टरांनी माझ्यासमोर वही उघडली. "रोज व्यायाम, आणि थकले म्हणता? हा निष्काळजीपणा आहे. उद्यापासून येऊ नका."

साखरबाई उठल्या.

"सर, जरा शिटावर बोट फिरवा."

डॉक्टरांनी फिरवले. बोट धुळीने करडे झाले.

"आठ महिनं मीच फिरवतीया. हातानं. काढायचं तर मला काढा."

डॉक्टरांनी बोट पुसले आणि पेन काढले. मग त्यांनी शेवटच्या नोंदीखाली लिहिले:

"सायकल कोणीही चालवली नाही. व्यायामाची वेळ कामातून न देता विश्रांतीतून घेतली होती, म्हणून चाक हाताने फिरवून आकडे भरले गेले. ते खरे मानून मी एक सिस्टर कमी केली. इंजेक्शन देताना गौतमी सतरा तास उभ्या होत्या. चूक होण्याचे कारण हे आहे."