आंबागड्यांचा कोशाचा पट

मी पवनीच्या सेवकराम आंबागड्यांच्या बैठकीतला कोशाचा पट, कोसा रेशमावर भरलेली त्यांची वंशावळ. भिंतीवर होतो तोवर आल्यागेल्याने मान वर करून मला वाचलं. आता त्यांच्या बायकोच्या, कुसुमताईंच्या, ट्रंकेत घडी होऊन पडलोय, तोंड आतल्या बाजूला. तेच बरं आहे. मला कुणाला तोंड दाखवायची इच्छा नाही.

जन्म मात्र माझा मानाचा. ऐनाच्या झाडावरचे कोसे, त्यांचा मधाच्या रंगाचा धागा आणि सेवकरामजींच्या वडिलांचा माग. म्हाताऱ्याने विणलेलं ते शेवटचं कापड. पुढे माग मोडला आणि त्या जागी सेवकरामजींनी साड्यांचं दुकान टाकलं. मी कपाटात गेलो. मला विकायला त्यांचा जीव होईना, वापरायला कारण मिळेना.

कारण मिळालं एका लग्नाच्या पंगतीत. कुणीतरी सहज विचारलं, "तुमी कोणते आंबागडे?" सेवकरामजींना उत्तर देता आलं नाही. माणसाला पोटभर जेवूनही असं काही घशात अडकतं. ते हात धुऊन आडनावाच्या मागे लागले. भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा होऊन तीन-चार वर्षं झाली होती. जिल्ह्याची वाटणी झाली तशी जुन्या दप्तरांचीही. भंडाऱ्यात विचारलं की "गोंद्याले गेलं असन," आणि गोंदियात विचारलं की "भंडाऱ्यालेच असन." सेवकरामजी दोन्हीकडच्या धुळीने शिंकत घरी यायचे. नागपूरच्या करुणाताई विदर्भातल्या आडनावांवर प्रबंध लिहीत होत्या, त्यांनाही यांनी गाठलं. सापडलेलं प्रत्येक नाव कुसुमताई लाल दोऱ्याने माझ्यावर भरायच्या. मी बैठकीत मधोमध लागलो. फुगलो होतो, खोटं कशाला बोलू?

एकदा सेवकरामजी आंबागडला जाऊन आले आणि हसत सांगू लागले, की किल्ल्याखालच्या त्या गावात एकही आंबागडे नाही. सीताबाई नावाची एक म्हातारी त्यांना म्हणाली होती, "बाबू, आमी इथंच राह्यतो. आमाले आंबागडे कायले म्हणन कोणी? गाव सोडून गेला त्याले ते नाव." म्हणजे तिथून निघालेला कुणीही, कोणत्याही जातीचा, बाहेरगावी आंबागडे झाला. सेवकरामजींनी ते हसण्यावारी नेलं. त्यांना एकच घराणं हवं होतं.

मग सिहोऱ्याच्या टिकाराम आंबागड्यांचा मुलगा कुलदीप आला, घरातले जुने जमीन-बंदोबस्ताचे कागद घेऊन. धान पिकवणारं घर. कागद दाखवायला एक दिवस पुरला असता, पण तो उन्हाळाभर येत राहिला. सेवकरामजींची मुलगी रेणू त्याला माझ्यावरची नावं वाचून दाखवायची. दोघांचं लक्ष माझ्याकडे कमीच असायचं. एक दिवस रेणूने बापाला सरळ सांगितलं, लग्न करीन तर कुलदीपशी.

त्याच आठवड्यात करुणाताई आल्या. "काका, तुमचं घर विणकरांचं, सिहोऱ्याचं शेतकऱ्यांचं. गाव सोडलं तेही वेगवेगळ्या काळात. गाव एक आहे, रक्त एक नाही." सेवकरामजींनी मान हलवली, चहा पाजला, बाईंना बसपर्यंत पोचवून आले. आल्यावर कुसुमताईंना म्हणाले, "आपल्या पणजोबाच्या खाली अजून एक फांदी काढ. टिकाराम, आन् त्याच्या खाली कुलदीप."

"थे बाई तं नाही म्हणून गेली ना."

"मी सांगून राहिलो, तू काढ."

शेतकऱ्याच्या घरी पोरगी दिली तर समाज काय म्हणेल, ही खरी भीती. ती पोरीच्या तोंडावर बोलायची हिंमत नव्हती, म्हणून कुलदीपला तिचा भाऊ ठरवायचं काम माझ्यावर ढकललं. कुसुमताईंनी सुई ओवली. त्या फांदीचा प्रत्येक टाका मला टोचला. मी कापड. मला नाही म्हणता येत नाही.

श्रावणात त्यांनी साऱ्या आंबागड्यांना जेवायला बोलावलं. अड्याळहून माणसं आली, सिहोऱ्याहून आली. टिकारामजी बिचारे, पवनीत भाऊ मिळाला म्हणून हरखले होते. राखी होऊन आठवडा झाला होता, पण आमच्याकडे पोळ्यापर्यंत राखी चालते. सेवकरामजींनी माझ्याखाली पाट मांडला, कुलदीपला बसवला आणि रेणूच्या हाती ताट दिलं.

रेणूने मला खालपर्यंत वाचलं. मग बापाकडे वळली. "बाबा, हा माहा भाऊ होय का?"

"पटावर लिवलं आहे ना."

"पटाले नाही, तुमाले विचारून राहिली."

सगळे घास हातात धरून थांबले. कुसुमताई दारात उभ्या होत्या, त्यांनी पदर तोंडाला लावला. सेवकरामजींनी माझ्याकडे पाहिलं, जमिनीकडे पाहिलं आणि म्हणाले, "होय."

रेणूने राखी बांधली. गाठ पक्की बांधली.

पुढच्या वर्षी राखीला कुणी न बोलावता कुलदीप आला. बांधून घेतलेल्या राखीला जागणारं घर ते. आईने दिलेली साडी त्याने ताटात ठेवली, हात पुढे केला, आणि जाताना रेणूला म्हणाला, "येतो ताई." ते सेवकरामजींना सोसलं नाही. त्यांनी मला भिंतीवरून उतरवलं आणि ब्लेडने ती फांदी टाका टाका उसवली. विणकराचा मुलगा, कापडाला ओरखडा येऊ दिला नाही. मग मला दोन्ही हातांवर धरून रेणूपुढे उभे राहिले.

"काढलं, पोरी. थे खोटं होतं. मले मालूम होतं."

रेणूने माझ्यावरून बोट फिरवलं. "हे उसवलं, बाबा. त्याच्या मनगटावरचं कोण उसवन? तो तं मले ताई म्हणून गेला."

तेव्हापासून मी इथे आहे. सेवकरामजी आता कोणत्याही दप्तरात जात नाहीत. लग्नातही ते पंगतीच्या टोकाला बसतात, कुणी काही विचारू नये म्हणून. रेणू याच घरात आहे, बिनलग्नाची. कधी तुम्ही ही ट्रंक उघडलीत, तर माझ्या उजव्या कोपऱ्यात सुईची बारीक भोकं दिसतील. कसर लागली समजून मला रफू करायला देऊ नका. भोकं तशीच राहू द्या आणि ट्रंक लावून घ्या. रेणू दुकानातून यायची वेळ झाली आहे.