मी दगडावरची अनुबियास

मी अनुबियास बोलतेय. माशांच्या काचपेटीत, पाण्याखाली राहणारं झाड. जाड हिरवीगार पानं आणि आल्यासारखा आडवा कंद, असं माझं रूप. सुरतेत भेस्तानच्या आमच्या गल्लीत मला सगळे 'अनुबाई' म्हणतात, आणि हा मान मला फुकट मिळालेला नाही बरं का!

दुकानात माझ्याकडे कुणी ढुंकूनही बघत नसे. शेजारी लाल पानांच्या नखरेल बाया बसलेल्या. गिऱ्हाईक त्यांच्यावरच भाळायचं. त्यांना लख्ख उजेड लागतो, वर पाण्यात कार्बन डायऑक्साइड सोडणारी नळी लागते, हे घरी गेल्यावर कळायचं. मग रडारड.

एक दिवस सुषमा आली. तिनं रंग बघितलाच नाही. सरळ विचारलं, "भैया, घर में धूप नहीं आती, और गोल्डफिश सब खा जाती है. कौन टिकेगा?" दुकानदारानं माझ्याकडे बोट केलं. अहो, मी अशी फुलले की विचारू नका!

घरच्या काचपेटीत एकच गोल्डफिश होती, तीही शेपटी फाटलेली. आत प्लास्टिकचं नारळाचं झाड होतं. त्याच्या धारदार पानांना घासून तिची ही दशा झाली होती, म्हणून सुषमाला जिवंत झाड हवं होतं. सासूबाई मालतीबाईंना ते पटलं नव्हतं. "प्लास्टिक मरस नही, सडस नही. हाई मरनं तर नारळ परत पानीमा!" त्यांनी बजावलं. म्हणजे मी मेले, तर त्या बिचारीची शेपटी पुन्हा करवतीत.

सुषमा मला रेतीवर नुसती टेकवत होती, तेवढ्यात सासरे लोटूआबा पुढे सरसावले. त्यांचं उभं आयुष्य खानदेशात, केळीच्या बागांत गेलेलं. "बेटा, कंद उघडा राह्यना का मरस. मन्ही जिंदगी केळीमा गयी," म्हणत त्यांनी बाही सारली, मला रेतीत खोल दाबलं आणि वरून थोपटलं. किती मायेनं थोपटलं म्हणून सांगू! पण मी काय केळ आहे? माझा कंद मोकळ्या पाण्यात श्वास घेतो. रेतीखाली मी कुजू लागले. पानं पिवळी पडली, पाण्याला वास सुटला. आबा मात्र रोज येऊन काळजीनं आणखी थोडं दाबून जायचे.

एका सकाळी मालतीबाई नारळ धुऊन घेऊन आल्याच. सुषमाच्या डोळ्यांत पाणी आलं. टाकून देण्यासाठी तिनं मला उपसलं आणि थबकली. काचेला टेकलेलं माझं एक टोक रेतीबाहेर राहिलं होतं. ते टणक होतं, आणि त्याला कोंब फुटला होता!

"आबा, दखा! गाडेल व्हतं ते सडनं, उघडं व्हतं ते जगनं!"

आबांनी बोटानं दाबून पाहिलं. गाडलेला भाग लोण्यासारखा दबला. सुषमानं सडकं कापून टाकलं. तिचा नवरा योगराज कडोदऱ्याला कापड विणायच्या लूमवर कामाला. त्याच्या खिशात धागा असायचाच. लूमवर मारतात तशी गाठ मारून त्यानं मला दगडाला बांधलं.

मग काय! मुळांनी दगड असा आवळला की धागा नावालाच उरला. पानावर पान आलं, आणि एक दिवस पाण्याखाली पांढरं फूल! गोल्डफिशची शेपटी भरून आली. दुपारी ती माझ्याच पानावर विसावते. नारळ आता टीव्हीशेजारी धूळ खातो, आणि आल्यागेल्याला फूल दाखवायला सगळ्यात पुढे कोण? मालतीबाई!

तेव्हा मंडळी, झाड निवडताना रंगाला भुलू नका. घरात उजेड किती, मासा खादाड किती, ते आधी बघा. आणि माया करण्याआधी त्या झाडाला काय हवं ते विचारा.

काल सुषमानं माझा एक तुकडा शेजारच्या रंजनाला दिला. "खोल रोवते हं," रंजना म्हणाली. खाटेवरचे आबा ताडकन उठले. "गाडू नको, बाई! बांध!"

त्यांनी स्वतःच तो तुकडा दगडाला बांधून दिला. गाठ जरा सैलच ठेवली, श्वास घेता यावा म्हणून.