शेवटचा प्रश्न नाश्त्याचा

लोणावळ्यातल्या आमच्या रिसॉर्टमध्ये सकाळचा नाश्ता वडिवळ्याच्या नंदाबाई मावशी करतात. त्यांचं लोणी-थालीपीठ खाऊन पाहुणे बोटं चाटतात, हे मी रिसेप्शनवरून रोज बघते. तरीही आमच्या मॅनेजरांनी, प्रितम सरांनी, एक दिवस जाहीर केलं की पुढच्या महिन्यापासून नाश्ता पुण्याचा केटरर करणार. कारण काय, तर काउंटरवरच्या टॅबमध्ये पाहुणे नाश्त्यालाच सगळ्यांत कमी तारे देतात.

मावशी माझ्यापाशी आल्या. "सविता, माज्या हाताला काय झालं गं? तोंडावर कुनी काय बोलत न्हाई, आन् त्या मशिनीत समदी वाईट कशी लिवत्यात?"

मला राग आला. ती प्रश्नावली सरांनीच केलेली. पहिला प्रश्न त्यांच्या लाडक्या स्विमिंग पूलचा, मग खोल्या, बाथरूम, पार्किंग, आणि सगळ्यांत शेवटी नाश्ता. पाहुणा ती भरतो निघताना. गाडी सुरू असते, पोरं भांडत असतात, बायको हाका मारत असते. पूलबद्दल माणूस विचार करून उत्तर देतो, नाश्त्यापर्यंत पोचेस्तोवर बोट पडेल तो तारा. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय!

सर म्हणाले, "आकडे खोटं बोलत नाहीत, सविता."

"मग प्रत्येक पाहुण्याला प्रश्न वेगळ्या क्रमाने विचारून बघू या का, सर?"

"बघ. पण महिनाअखेरपर्यंतच."

बी.सी.ए. करून मी चाव्या वाटत बसले होते, तेवढंच शिक्षण कामी आलं. टॅबला सांगितलं, दरवेळी कुठलाही एक प्रश्न उचल. त्याने इमानाने उचलला. दुसऱ्याच दिवशी नाशिकचे एक काका टॅब घेऊन माझ्यासमोर उभे. "ताई, बाथरूममध्ये काही घडलंय का? तिसऱ्यांदा विचारताय." नाश्त्याचा प्रश्न तर त्यांना आलाच नव्हता. सर गालात हसले. ते हसू मला भाकरीतल्या खड्यासारखं लागलं.

शनिवारी संध्याकाळी लॉनवर नेहमीसारखी हाऊजी होती आणि आकडे मीच पुकारत होते. पिशवीत हात घातला, आकडा काढला, पुकारला आणि सवयीने बोर्डावर ठेवला. परत पिशवीत टाकला असता तर पाहुण्यांनी मलाच पूलमध्ये ढकललं असतं. आणि एकदम उमगलं. मी टॅबमध्ये दुसरं काय करत होते? विचारलेला प्रश्न परत पिशवीतच टाकत होते.

सकाळी दुरुस्ती केली. प्रत्येक पाहुण्याला भरलेली पिशवी. निघाला तो प्रश्न बाजूला, पिशवी रिकामी झाली की धन्यवाद. एकही प्रश्न दोनदा नाही, एकही सुटला नाही, आणि नाश्ता कधी पहिला, कधी मधे, कधी शेवटी.

महिनाअखेरीला मी सरांपुढे आकडे ठेवले. शेवटी येणाऱ्या प्रश्नाला तारे कमीच पडत होते, मग तो कुठलाही असो. शेवटी आला की पूलचीसुद्धा रया जात होती. पहिल्या जागेवर बघा नाहीतर शेवटच्या, नाश्ता सगळ्यांच्या पुढे होता.

सरांनी आकड्यांवरून बोट फिरवलं. "म्हणजे नाश्ता वाईट नव्हता. फक्त शेवटी होता."

"आकडे खोटं बोलत नाहीत, सर," मी म्हणाले. हे वाक्य उच्चारताना मला जे सुख झालं, ते पगारवाढीतही झालं नसतं.

सर माणूस म्हणून वाईट नाहीत. तडक स्वयंपाकघरात गेले, मी मागोमाग. म्हणाले, "मावशी, पुण्याच्या केटररला मी नकार कळवतो. आपलं थालीपीठ सगळ्यांत वरचं ठरलं."

मावशींनी तव्यावरचं थालीपीठ उलटलं, पदराला हात पुसले आणि मग सरांकडे बघितलं.

"ते मला ठावं व्हतं, सायेब. तुमाला कळायला यवडा येळ लागला, व्हय? बसा आता. तुमी अजून खाल्लंच न्हाई."