बाइंडरांच्या अंगावरचे किडे

किडेआजीच्या घरी जायचं तर आधी पाय ठेवायला जागा शोधावी लागे. खाली पुस्तकांचे गठ्ठे, वर फळीवर बरण्या, बरण्यांत सुरवंट, कोष, भुंगेरे. एका बरणीत तर नुसता कुजका पाला, आणि त्यात कोण राहतं ते तिचं तिलाच ठाऊक. मुलांसाठी किड्यांवर पुस्तकं लिहिण्यात तिचा जन्म गेला होता. स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय एक ओळ लिहायची नाही हा हट्ट, आणि प्रत्येक पुस्तकाच्या पहिल्या पानावर तेच वाक्य: मारू नका, बघा. शाळेतल्या पोरांनीच तिला किडेआजी हे नाव ठेवलं होतं, आणि ती त्यावर जाम खूश होती.

नवरा बाइंडर. खळ, दोरा, पुठ्ठा आणि कापड यांत हयात गेलेला माणूस. आणि पुस्तकं बांधणाऱ्याचा सगळ्यात मोठा वैरी कोण? कसर. तीच ती रुपेरी, चपळ, खळ चाटता चाटता पुस्तकाची चाळण करणारी. आता गंमत बघा, बायकोनं त्या कसरीवरच अख्खं पुस्तक लिहिलं, आणि ते बांधायला आलं याच गृहस्थांकडे!

"मी खळ लावायची, तुझ्या लाडक्या बायांनी ती खायची, आणि तू वर त्यांचं कौतुक लिहायचं," बाइंडर म्हणायचे. "माझ्यासारखा मूर्ख शोधून सापडायचा नाही."

"अहो, त्या खातात म्हणून तर तुम्हाला पुन्हा पुन्हा काम मिळतं," ती म्हणायची. हे रोज चालायचं, आणि त्याशिवाय दोघांनाही चहा गोड लागत नसे.

म्हातारपणी बाइंडर विसरायला लागले. चष्मा फ्रिजमध्ये, चपला उशाशी. इथवर ठीक होतं, हसण्यावारी नेता येत होतं. पण एका दुपारी ते अगदी शांतपणे म्हणाले, "अगं, माझ्या हातावर कसर चढलीये."

हातावर काही नव्हतं. दुसरी एखादी बाई घाबरली असती, शेजाऱ्यांना हाक मारली असती. हिनं काय करावं? भिंग आणलं!

"पाय किती आहेत?"

"पाय? आठ असतील."

"मिशा?"

"दिसत नाहीत. पंख आहेत बारीक."

आजी जिंकल्यासारखी खुर्चीत मागे रेलली. "अहो, आठ पाय आणि वर पंख असा जीव पृथ्वीच्या पाठीवर नाही. म्हणजे तुमच्या हातावर काहीसुद्धा नाही. सुटला प्रश्न!"

बाइंडरांनी हात चादरीखाली लपवला. त्यानंतर किड्यांबद्दल त्यांनी चकार शब्द काढला नाही. मग धुवायच्या कपड्यांत आजीला सदऱ्याच्या बाहीवर रक्ताचे डाग दिसले. माणूस चोरून खाजवत होता, कातडी सोलेपर्यंत, आणि बायकोला सांगायची सोय नाही, कारण बायको पाय मोजायला बसते. नको तिथे आपण शहाणपणा पाजळला, हे तिला इतकं लागलं की ती ते सदरे हातात घेऊन न्हाणीघरात रडली.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मेंदू झिजत चालला की असं नसलेलं दिसतं. त्यांच्याशी वाद घालू नका. आणि खरे किडे तेवढे घराबाहेर काढा."

मुलगी रविवारी यायची. वडिलांचे हात पाहून तिनं आईला स्वयंपाकघरात नेलं. "आई, एकदाच सांगते. आता तुम्हा दोघांपैकी कोणालाही पुन्हा लागलेलं दिसलं, तर मी बाबांना त्या शुश्रूषा केंद्रात ठेवणार. तिथं रात्रंदिवस माणसं असतात."

"मी मेलेय का? मी आहे ना!"

"तू आहेस म्हणून तर थांबलेय," मुलगी म्हणाली.

आजीनं बरण्या शाळेतल्या बाईंना देऊन टाकल्या. कोषांवरचं पुस्तक अर्धं झालं होतं, आणि आतून कोण बाहेर येतं ते पाहिल्याशिवाय पुढचं लिहिता येणार नव्हतं. जाऊ दे खड्ड्यात, तिनं स्वतःला बजावलं. पुस्तक गेलं तर गेलं, माणूस घरात राहिला पाहिजे.

फळ्या मोकळ्या झाल्या, तरी किडे काही हटेनात. आता ते मानेवर होते, कानात शिरत होते. बाइंडर दोन्ही कान दाबून धरत म्हणाले, "तुला दिसत नसतील, मान्य. पण मला चावतात गं."

तेव्हा तिनं पायातली चप्पल काढली. "कुठे आहे? उशीवर?" आणि दिली ठेवून. फाडकन आवाज झाला. बाइंडर दचकले.

"मेला?"

"मेला," ती म्हणाली. "ठार झाला."

बाइंडरांनी असा काही सुस्कारा सोडला की तिला स्वतःची लाज वाटली, आणि त्याहून जास्त हायसं वाटलं. त्या दुपारी ते लहान मुलासारखे झोपले. जिनं आयुष्यभर पोरांना मारू नका म्हणून सांगितलं, ती मग दिवसभर चप्पल घेऊन हिंडू लागली. पलंगावर, भिंतीवर, टेबलाच्या कडेवर. "हा बघा, हा पण गेला! पळतोस कुठे मेल्या?" हळूहळू तिला त्यात हुरूप यायला लागला. खाजवणं थांबलं, जखमा सुकल्या. मुलगी म्हणालीही, "बाबा बरे दिसतात हं." आजीला आभाळ ठेंगणं झालं.

पण बाइंडर नुसते बघत नव्हते, शिकतही होते. किडा दिसला की मारायचा, आणि मारला की तो मरतो, एवढं त्या झिजलेल्या डोक्यात पक्कं बसलं.

शनिवारी सकाळी ती त्यांच्याजवळ बसून वाचून दाखवत होती. मध्येच उठून ती त्यांच्यासाठी पाणी ओतायला वाकली. बाइंडर तिच्या चेहऱ्याकडे टक लावून पाहू लागले.

"हलू नकोस," ते हळूच म्हणाले.

तिनं ठेवलेलं जाड पुठ्ठ्याचं पुस्तक त्यांच्या हाताशी होतं. त्यांनीच कधीकाळी बांधलेलं, कोपरे अजून कडक. त्यांनी ते दोन्ही हातांनी उचललं आणि सगळी ताकद लावून तिच्या डोळ्याखाली हाणलं. ती तांब्यासकट खाली कोसळली. डोळ्यांपुढे अंधारी आली, आणि वरून आवाज आला, "मेला! अगं, मेला बघ!" इतका आनंद त्या आवाजात तिनं कित्येक दिवसांत ऐकला नव्हता.

दुसऱ्या दिवशी रविवार. मुलगी दारातच थबकली. आजीचा डोळा सुजून मिटला होता.

"कपाटाचं दार लागलं," आजी म्हणाली. "उघडंच राहिलं होतं, मेलं."

"दार कसलं?" बाइंडर पलंगावरून अभिमानानं म्हणाले. "मी मारला. अगदी डोळ्यापाशी बसला होता हिच्या. जरा लागलं तिला, पण वाचली."

मुलगी सरळ आत गेली. तिनं माळ्यावरची बॅग खाली काढली.

"अगं, त्यांचा काय दोष?" आजीनं तिचा हात धरला. "मीच शिकवलं मारायला. आता नाही मारणार. चपला बाहेर ठेवीन, पुस्तकं बाहेर ठेवीन. नको ना गं नेऊस!"

"आणि किडे दिसले की काय करशील?"

आजीनं तिचा हात सोडला. मुलगी रडत रडत सदऱ्यांच्या घड्या घालत राहिली. शेवटी आजीनंच तिच्या हातातून सदरे घेतले आणि नीट भरले.

गाडीत बसवताना बाइंडरांनी दाराची कड घट्ट धरली. "मारायला कोण असतं तिथं?"

"बाबा, तिथं किडे नाहीतच," मुलगी म्हणाली.

बाइंडरांचा चेहरा पडला. त्यांनी बायकोकडे बघितलं. "हीसुद्धा आधी असंच म्हणायची," ते म्हणाले, आणि हात बाहीत ओढून घेतला.