आवाज जाण्याआधीचे तीन दिवस

मी हाऊसबोट. हे नाव मला उतारवयात मिळालं. जन्मले तेव्हा मी साधी मालवाहू होडी होते. धान्याची पोती वाहिली, विटा वाहिल्या, एकदा तर एका मास्तरांचं अख्खं बिऱ्हाड वाहिलं, शेळीसकट. पुढे पूल झाले आणि मला कुणी विचारेनासं झालं. दोन पावसाळे काठाच्या चिखलात तोंड खुपसून पडून होते. मग मालकाने माझ्यावर छप्पर चढवलं, दोन खोल्या काढल्या, मागे इंजिन बसवलं आणि मला सुट्टीवर येणाऱ्यांच्या कामाला लावलं.

माणसं मी पुष्कळ पाहिली. पहिल्या दिवशी फोटो काढतात, दुसऱ्या दिवशी झोपा काढतात, तिसऱ्या दिवशी घरच्या काळज्या आठवून पिशव्या भरतात. मी मनावर घेत नाही. गिऱ्हाईक काय नि पाणी काय, पुढे जाणारच.

त्या दोघी तेवढ्या लक्षात राहिल्या. शाळेपासूनच्या मैत्रिणी, साठीला टेकलेल्या. एक शिवणकाम करायची. बोलणंही मापून, कापड वाया जाऊ नये अशा बेताने. दुसरीने तीस वर्षं बसस्टँडवर गाड्या पुकारलेल्या. मैत्रीण तिला ‘भोंगा’ म्हणायची. आता भोंग्याचा आवाज पार बसला होता, पण तोंड थांबत नव्हतं. वळण आलं की ती नावाड्याला ऐकू जाईल असं पुकारायची, “प्रवाशांनी लक्ष द्यावं, गाडी डावीकडे वळते आहे, आपापली मुलं सांभाळावीत.” नावाडी हसायचा. शिवणकामवाली उशी पाठीशी घेऊन पाण्याकडे बघत बसायची.

दुसऱ्या दिवशी दुपारी ऊन फार झालं, म्हणून नावाड्याने मला झाडांच्या सावलीत बांधलं आणि तो मागे स्वयंपाकाला लागला. शिवणकामवालीने माझ्या खिडकीचा उसवलेला पडदा मांडीवर घेतला. सुईदोरा तिच्या पर्समध्ये असायचाच.

“मी ऑपरेशन करून घेणार नाहीये,” भोंगा म्हणाली.

मला तेव्हा कळलं. तिच्या घशात गाठ होती. स्वरयंत्रच काढायचं म्हणून डॉक्टरांनी सांगितलं होतं, आणि तारीख पुढच्या आठवड्यातली होती.

“का?” मैत्रिणीने विचारलं. सुई थांबली नाही.

“अगं, गावातले लोक मला तोंडावरून नाही ओळखत. दुकानात गेले, तोंड उघडलं, की म्हणतात, अरे, ह्या तर स्टँडवरच्या बाई. तेच गेलं तर मागे राहतं काय?”

“माझी मैत्रीण.”

“मुकी?”

“तू गप्प बसलेली मला चालेल,” शिवणकामवाली म्हणाली. “नसलेली चालणार नाही.” तिने दोरा दाताने तोडला आणि पडदा पुन्हा खिडकीला लावला.

भोंगा संध्याकाळपर्यंत अवाक्षर बोलली नाही. ताटं वाढताना नावाड्याने हळूच विचारलं, “ताई, भांडण झालं का?” शिवणकामवाली म्हणाली, “नाही दादा. ती सराव करून बघतेय.” भोंग्याला हसू आवरेना. हसता हसता खोकला आला, आणि खोकता खोकता ती रडली. मैत्रीण तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

तिसऱ्या दिवशी सकाळी शिवणकामवालीने फोन पुढे केला. “काहीतरी बोल. भरून ठेवते.”

“नको. स्टँडवर माझं रेकॉर्डिंग अजून वाजतं. मी समोर उभी असले तरी वाजतं. त्यात मी नसते.” मग ती नावाड्याकडे वळली. “दादा, मोठ्या पाण्यात न्या.”

नदी जिथे रुंद होते तिथे ती पुढच्या फळीवर बसून गाऊ लागली. गळा बेसूरच होता. आजारापूर्वीही बेसूर असणार. नावाड्याने आपणहून इंजिन बंद केलं. ती तासभर गायली, शब्द विसरली तिथे गाड्यांच्या वेळा घातल्या. शेवटी म्हणाली, “झालं. आता कापू दे त्यांना.”

पुढच्या वर्षी त्या पुन्हा आल्या. एकीच्या गळ्याला सुती रुमाल, त्याआडून श्वासाची बारीक शीळ. आणि दुसरी? बोलत होती. मी ओळखलंच नाही. मीठ कमी टाका, दादा. उशी उन्हात ठेवा, दादा. शाळेतल्या बाईंची गोष्ट सांगायला बसली, तर अर्ध्यावर माझ्या कठड्यावर दोन थापा पडल्या. दोन म्हणजे चूक.

“बरं, मंगळवार नव्हता. बुधवार होता.”

दोन थापा.

“मग तूच सांग.”

भोंगा इतकी हसली की रुमाल सुटला. आवाज नव्हता, पण मी हलले.

आता माझ्या तळाच्या फळ्या मऊ पडल्यात. रोज बादलीभर पाणी उपसावं लागतं. मालक म्हणतो, महिनाअखेरीला वर ओढू आणि मोडू. त्याचं चूक नाही. होडीचंही वय असतं. पण त्या दोघींचं यंदाचं येणं त्यानंतरच्या आठवड्यात आहे. नावाड्याने मालकाला दोनदा सांगितलं. मालक नुसता हं म्हणाला.

कुणाची त्याच्याशी ओळख असेल तर शब्द टाका. आठच दिवसांचा प्रश्न आहे. तेवढी एक फेरी होऊ द्या, मग खुशाल मोडा.