शेवटचे सहा फर्मे

तीन फेब्रुवारीला, सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी, मायक्रोमीटरांनी कादंबरीच्या पाठीत पातळ पाते घातले आणि तिचे पाच भाग केले. एकही पान फाटले नाही. शिवणीचे दोरे त्यांनी अलगद ओढून एका बशीत ठेवले, कारण सुट्या केलेल्या यंत्राचा लहानसा स्क्रूही टाकून द्यायचा नसतो.

चहा घेऊन आलेली पत्नी दारातच थबकली.

"अहो, पुस्तक आहे ते! गिअरबॉक्स नाही."

"एक किलो सातशे ग्रॅम भरतं," मायक्रोमीटर म्हणाले. "हातात धरून वाचायचं तर मनगटाला पट्टा बांधावा लागेल. शिवाय पुस्तक एक आणि माणसं दोन. सुटे भाग केले की दोघांनाही काम मिळतं."

"मला कुठे वाचायचंय?"

"नसेल तर राहू दे."

पत्नी खुर्चीवर टेकली. नुसते बघावे म्हणून तिने पहिला भाग उचलला आणि त्याच्या जोडलेल्या कडा चहाच्या चमच्याने उघडल्या. मायक्रोमीटरांनी पाते पुसले, टेबल झाडले, हात धुतले आणि परत येऊन पाहिले, तर तिच्या चहावर साय धरली होती.

"ही मुलगी लग्नाला नाही म्हणतेय," ती मान वर न करता म्हणाली, "आणि अजून तिला कुणी विचारलेलंसुद्धा नाही!"

मायक्रोमीटर हे नाव त्यांना कारखान्यातल्या पोरांनी ठेवले होते. केसाच्या जाडीइतकी चूकही त्यांच्या नजरेतून सुटत नसे. निवृत्तीनंतर ते आपल्या जुन्या तांत्रिक विद्यालयात गेले, ते गिअर कापण्याविषयीचे एक हस्तपुस्तक मिळवायला. विद्यालयाचे ग्रंथालय मोडीत निघाले होते. हस्तपुस्तक मिळाले नाही. पण ग्रंथपालांनी ही एकोणिसाव्या शतकातली इंग्रजी कादंबरी त्यांच्या गळ्यात मारली. कुणा कनवाळू प्राचार्यांनी ती फार पूर्वी विद्यार्थ्यांच्या मनावर संस्कार व्हावेत म्हणून घेतली असावी. संस्कार झाले नव्हते, याचा पुरावा पुस्तकातच होता. जुन्या छपाईत मोठा कागद घडी घालून सोळा पानांचा एक फर्मा होई आणि घड्यांच्या कडा वाचकाने स्वतः कापायच्या असत. या कादंबरीच्या साऱ्या कडा शाबूत होत्या. इतक्या वर्षांत एकाही तंत्रज्ञाने तिला उघडले नव्हते.

कडा कापण्याचे काम पत्नीकडे गेले, कारण मायक्रोमीटर प्रत्येक कडेला पट्टी लावून बसत आणि तेवढ्यात संध्याकाळ होई. पत्नी भाजीच्या बोथट सुरीने सर्रकन कडा उघडी. त्यामुळे प्रत्येक भाग आधी तिच्याकडे आणि मग तिच्याकडून मायक्रोमीटरांकडे, असा क्रम ठरला.

मायक्रोमीटरांना वाचन जड गेले. विद्यालयात ते जे इंग्रजी शिकले होते, ते बोल्ट किती आवळावा हे समजण्यापुरते. या इंग्रजीत कुणी काहीच आवळत नव्हते. कर्ता पानाच्या डोक्यावर भेटे, त्याचे क्रियापद पायथ्याशी. मध्ये टेकड्या, धुके, एका पाद्र्याचा खोकला आणि मानवी स्वभावाविषयी लेखकाचे मत. पहिल्या आठवड्यात त्यांनी दोनदा पुस्तक मिटले. तिसऱ्यांदा मिटले तेव्हा त्यांच्या लक्षात आले, की त्या मुलीचे पुढे काय होते हे कळल्याशिवाय आपल्याला जेवण जाणार नाही.

मुलगी अनाथ होती. कागदाच्या गिरणीचा मालक असलेल्या मामाने तिला वाढवले होते. एकीकडे खोकणारा पाद्री, दुसरीकडे गिरणीचे वाफेचे इंजिन सांभाळणारा अबोल कारागीर, आणि घरात एक आत्या. या आत्येवर पत्नीचा पहिल्या दिवसापासून दात होता.

"आत्याबाईंनी मुलीच्या वडिलांचं मृत्युपत्र लपवलंय," ती ताटे मांडता मांडता म्हणे. "लिहून ठेवा."

"पुरावा काय?"

"कुणी आलं की शिवणाची टोपली मांडीवर ओढून घेते. मृत्युपत्र तिच्यात आहे."

"तुझं आपलं काहीतरीच! बॉयलरचा सुरक्षा-व्हॉल्व्ह खडखडतोय असं बाराव्या पानावर स्पष्ट लिहिलंय. मामाने दुरुस्त करून घेतला नाही. तो फुटणार. कथेत यापलीकडे काही नाही."

"माणसं मेली तरी चालतील, तुमचा व्हॉल्व्ह खरा झाला पाहिजे!"

"मी काय म्हणतो, तीन रुपयांचं काम होतं मामाचं."

"त्यांच्याकडे रुपये नव्हते."

"म्हणून तर केलं नाही!"

स्वतःच्याच विनोदावर मायक्रोमीटर हसले आणि त्यांना ठसका लागला. पत्नीने पाण्याचा पेला पुढे सरकवला. पाणी पिता पिता ते चपापले. या टेबलावर आपण इतके बोलतो?

नोकरीच्या काळात बोलणे झालेच नव्हते. ते कारखान्यात दिवसपाळीला, ती टेलिफोन एक्स्चेंजमध्ये रात्रपाळीला. तिची रिक्षा दाराशी येई तेव्हा त्यांची सायकल फाटकाबाहेर पडत असे. संसार चिठ्ठ्यांवर झाला. 'दूध तापवले आहे.' 'गॅस संपत आला.' 'मुलगी पास.' निवृत्तीनंतर दोघेही पूर्णवेळ घरी आले तेव्हा पहिले काही महिने एखाद्या हॉटेलातल्या दोन सभ्य अनोळखी पाहुण्यांसारखे गेले.

एकदा पत्नी म्हणाली होती, "आयुष्यभर लोकांचं बोलणं जोडून दिलं मी. चुकून कानावर पडलं तरी अर्धंमुर्धंच. दिवा पेटला की पुढचा कॉल. कुणाचं काय झालं ते कधीच कळलं नाही. आता पहिल्यांदाच एक गोष्ट शेवटपर्यंत ऐकायला मिळतेय."

मार्चच्या शेवटी त्यांच्या मुलीचा फोन आला. आई नेमकी तावातावाने सांगत होती.

"मुलगी सोन्यासारखी आहे गं, पण मामा लग्न होऊ देत नाही. आणि ती आत्या! तिच्या तोंडावर सांगायला हवं एकदा."

"कोणाची मुलगी? कोण मामा?" मुलगी घाबरली. "आई, माझा मामा? काय केलं त्यानं?"

"तुझा नाही गं. गिरणीवाला."

"आपल्यात गिरणीवाला कोण आहे? बाबांना दे बघू फोन."

बाबांनी फोन घेतला आणि गंभीर आवाजात सांगितले, "काळजी करू नकोस. बॉयलर फुटला की सगळं मार्गी लागेल."

त्या रविवारी मुलगी स्वतः येऊन दोघांची प्रकृती पाहून गेली. जाताना पहिला भाग घेऊन गेली.

चौथा भाग मायक्रोमीटरांच्या हातात होता, तेव्हा दुसरा फोन आला. त्यांच्या हाताखाली तयार झालेला एक मुलगा आता व्यवस्थापक होता. कंपनी दुसऱ्या शहरात नवा कारखाना उभारत होती.

"सर, दोन वर्षं. राहायची सोय, गाडी, सगळं. पण तिथं एकट्यानंच राहावं लागेल, कुटुंबासाठी घरं अजून बांधायची आहेत. तुमच्याशिवाय ती मशीनं कुणाचं ऐकायची नाहीत, सर."

मायक्रोमीटरांची पाठ आपोआप ताठ झाली. कित्येक महिन्यांत त्यांना कुणी यंत्राबद्दल काही विचारले नव्हते.

"बघतो," ते म्हणाले. "पण हातात एक काम आहे. ते पुरं झाल्याशिवाय मी दुसरं घेत नाही, तुला ठाऊक आहे."

"हो सर. काम झालं की कळवा."

फोन ठेवून ते वळले. पत्नी पाचव्या भागाची पहिली घडी सुरीवर धरून उभी होती.

"ऐकलंस ना?"

"ऐकलं. जा की. मी कुठे अडवतेय?"

"पुस्तक झालं की मग."

"हो. पुस्तक झालं की," ती म्हणाली आणि सुरी खाली ठेवून आत गेली.

मायक्रोमीटरांनी माळ्यावरून लोखंडी टाचांचे बूट काढले, त्यांना पॉलिश केले आणि दाराशी ठेवले. चौथा भाग चार दिवसांत संपला. तो अशा जागी संपला, की मामा गिरणीत एकटा, व्हॉल्व्ह खडखडतोय, कारागीर पावसात धावतोय आणि आत्या टोपली घेऊन खोलीचे दार आतून लावून घेते आहे.

"पाचवा दे," त्यांनी हात पुढे केला.

पत्नी वाटाणे सोलत होती. "सापडत नाहीये."

"म्हणजे?"

"म्हणजे सापडत नाहीये. इथंच कुठंतरी ठेवला होता."

"शहाण्णव पानं आहेत ती! कर्णफूल नव्हे!"

"ओरडू नका. सापडेल."

"तू वाचलास?"

"वाचला की."

"व्हॉल्व्ह फुटला?"

"आता ते मीच सांगितलं तर तुम्ही काय वाचणार?"

"बरं, आत्याचं काय झालं?"

पत्नीने एक वाटाणा बोटांत फिरवला. "झालं तिचं व्हायचं ते."

शोध पद्धतशीर झाला. मायक्रोमीटरांनी घराचे विभाग पाडले. गाद्या उलटल्या, डब्यांत चमचा फिरवला, शिवणयंत्राचे झाकण काढले, फ्रिजमागून एक जुनी चिठ्ठी आणि मुलीचे दुधाचे दात ठेवलेली डबी निघाली. पत्नीने सर्व विभागांत सहकार्य केले. "तिथं पाहिलंत का?" असे तीच विचारी. फक्त मायक्रोमीटरांची हत्यारांची पेटी कुणी उघडली नाही. कारण तिच्यात कोणत्या कप्प्यात काय आहे हे त्यांना डोळे मिटूनही सांगता येत होते.

शोधाच्या काळातही जेवणाची टेबले गाजत राहिली. भाग नसल्यामुळे शेवटाबद्दल काहीही म्हणायला मोकळीक होती. मायक्रोमीटरांनी व्हॉल्व्ह तीन निरनिराळ्या तऱ्हांनी फोडून दाखवला. पत्नीने आत्याला टोपलीसकट नदीत ढकलले, नंतर दया येऊन बाहेर काढले. तिने शेवट वाचला असूनही ती इतक्या हिरिरीने कशी भांडते, हे मायक्रोमीटरांना जरा खटकले. पण त्यांनी ते नाटकीपणाच्या खात्यात टाकले.

महिन्याच्या पहिल्या रविवारी ते घरातल्या बिजागऱ्यांना तेल देत. त्या रविवारी वरच्या कप्प्यातली तेलाची बुधली रिकामी निघाली. राखीव डबा पेटीच्या अगदी तळाशी असे. त्यांनी वरचे दोन कप्पे उचलून बाजूला ठेवले.

तेलाच्या डब्याशेजारी स्वयंपाकघरातल्या फडक्यात बांधलेले काहीतरी होते. गाठ ढिली होती. या पेटीत ढिली गाठ असूच शकत नव्हती.

त्यांनी ती सोडली. पाचवा भाग.

पहिला विचार आला तो बुटांचा, दुसरा कारागिराचा. ते तिथेच जमिनीवर बसले आणि त्यांनी भाग उघडायला घेतला. उघडला नाही. त्यांनी दुसरीकडून अंगठा घातला. पाने एकमेकांना जोडलेलीच होती. पहिल्या घडीपासून शेवटच्या घडीपर्यंत साऱ्या कडा शाबूत. त्यांच्यावरून सुरी फिरलीच नव्हती.

मायक्रोमीटरांनी सवयीने सहाही फर्मे उलटसुलट करून तपासले. निष्कर्ष बदलला नाही. तिने शेवट वाचलेला नव्हता. आत्याचे काय झाले हे तिला ठाऊक नव्हते.

आतून तिची गुणगुण ऐकू येत होती. नळ वाहत होता.

पेटीत लांब दांड्याचा एक बारीक आरसा होता. यंत्राच्या पोटात, जिथे डोके जात नाही, तिथे डोकावायला. मायक्रोमीटरांनी टॉर्च लावला, एका घडीची पोकळी फुगवली आणि आरसा हळूच आत सरकवला. उलटी अक्षरे थरथरली. एका ओळीचा तुकडा, तोही अर्धा. जरासा कोन बदलला असता, तर व्हॉल्व्हचा निकाल लागला असता. आयुष्यात एखादे मोजमाप त्यांना इतके मनापासून घ्यावेसे वाटले नव्हते.

त्यांनी टॉर्च बंद केला. आरसा पुसून त्याच्या खाचेत ठेवला. भागाला तेल लागू नये म्हणून डबा दुसऱ्या कोपऱ्यात सरकवला. मग फडके पूर्वीसारखे गुंडाळून त्यांनी गाठ मारायला घेतली. पहिली गाठ घट्ट बसली. ती त्यांनी सोडली. दुसरीही घट्टच बसली. हात ऐकेनात. चौथ्या प्रयत्नात गाठ जमली: तिच्यासारखी, ढिली, एक टोक लांब. त्यांनी ती जरा दूर धरून पाहिली आणि काम पास केले.

बिजागऱ्यांना तेल देऊन झाले तेव्हा फोन वाजला.

"सर, मंडळी विचारतायत. सोमवारी गाडी पाठवू?"

स्वयंपाकघरातला नळ बंद झाला.

"हातातलं काम झालेलं नाही," मायक्रोमीटर म्हणाले.

"अजून किती दिवस, सर?"

"सांगता येत नाही. एक भाग हरवलाय. घर पालथं घातलं, मिळत नाही."

"सर, भाग कंपनीकडून मागवू का? कुठल्या मशीनचा आहे?"

"मिळायचा नाही. जुनं मॉडेल आहे." त्यांनी दाराशी ठेवलेल्या बुटांकडे पाहिले. "तू असं कर, माझी वाट बघू नकोस. दुसरा माणूस घे. बारक्या फिटर होता ना आपल्याकडे, त्याचा हात चांगला आहे. त्याला विचार."

फोन ठेवून ते दाराशी गेले. बुटांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबले आणि बूट माळ्यावर टाकले. वळले तर पत्नी ओले हात पदराला पुसत उंबऱ्यात उभी होती.

"सापडेल हो," ती म्हणाली. "घरातली वस्तू घरातच असणार."

"असणारच. घाई कुठे आहे?"

ती क्षणभर त्यांच्याकडे, मग हत्यारांच्या पेटीकडे बघत राहिली. पेटीचे झाकण नीट बंद होते.

"मी काय म्हणते," तिने ताटे घेतली, "समजा, आत्याबाईंनी मृत्युपत्र लपवलं ते वाईट हेतूनं नसेलच तर?"

मायक्रोमीटरांनी खुर्ची पुढे ओढली. बिजागरीला दिलेल्या तेलाचा हात त्यांनी पुन्हा एकदा पुसला.

"मलाही तसंच वाटायला लागलंय," ते म्हणाले. "पण व्हॉल्व्ह फुटणार."

वाचायची पाने, शिल्लक: शहाण्णव.