देव्हाऱ्यातला राउटर

या, असे माझ्या पुढ्यात येऊन बसा. दाराशी बसलात तर अर्धंच कानावर पडेल, आणि आजची गोष्ट तर आवाज पुरता पोचण्याचीच आहे.

आमच्या ओआहाका प्रांतातल्या गावात कुणी गेलं, की नऊ दिवस प्रार्थना चालते आणि ती मकारियोकाका गाऊन चालवतात. एक ओळ त्यांनी म्हणायची, मागून सगळ्यांनी उचलायची. त्या मागच्यांतली मी, लहानपणापासून. पोटापाण्यासाठी मात्र घरोघरी वायफाय जोडून देते.

त्या वर्षी खुब्याचं हाड मोडून काका मागच्या खोलीत पडून होते, आणि तिकडे सीमेपार ओरेगॉनला त्यांची बहीण दोमितिला वारली. नवव्या संध्याकाळचं निरोपाचं पद काकांनी वायफायवर फोन लावून गायचं, तिकडच्या मंडळींनी उचलायचं, असं ठरलं. पण आदल्या दिवशी गाऊन पाहिलं तर ओळच पोचेना. शब्द अधेमधे गळत होते.

काकांची लेक रुफिना मला घेऊन गेली. "अगं कासिल्दा, लहरी पुढे ढकलायचं दुसरं यंत्रसुद्धा आणलं. बाबांच्या उशाशी लावलंय. ढिम्म!"

"आधी राउटर दाखव."

मोठ्या अभिमानाने तिने दाखवला. सोलेदाद मातेच्या पत्र्याच्या देव्हाऱ्यात, आरशांच्या तुकड्यांमध्ये, झेंडूंच्या गराड्यात, वर क्रोशाचा रुमाल!

"बाई गं! पत्रा नि आरसे लहरी मागे लोटतात. बिचारा इथं कोंडलाय. उरलंसुरलं मातीच्या जाड भिंती गिळतात. ह्याला बाहेर काढ."

"नाही हं! ह्याच्यातून माझ्या लांब गेलेल्या लेकाचं तोंड दिसतं मला. ह्याची जागा आईच्या पायाशीच."

"आणि ते उशाशी लावलेलं? ज्याच्या कानावर ओळ पडलीच नाही, तो मागे म्हणणार काय?"

आतून काका ओरडले, "भांडणं नंतर करा गं! माझ्या आवाजावाचून दोमितिला निघाली तर वर गेल्यावर टोमणे मारेल ती मला!"

"नाही निघणार, काका. उद्या शब्दन्‌शब्द पोचवते," मी म्हटलं. मला खात्रीच होती. मग रुफिनाकडे वळले. "तुझ्या बाबांना कपाटात बसवून गायला लावशील का? आणि सणाला आई देवळातून बाहेर येते, तेव्हा तिचा मान कमी होतो का?"

पदराला हात पुसून रुफिनाने आधी मूर्तीच उचलली. "असं असेल तर आई पुढे निघेल. हा तिच्या मागून."

ओसरी घराच्या मधोमध. सगळ्या खोल्यांची दारं तिच्यावर उघडतात. तिथल्या उंच फळीवर माता बसली आणि शेजारी, जरा अंतर ठेवून, मी राउटर बसवला. दुसरं यंत्र काकांच्या उशाकडून काढून अर्ध्या वाटेवर, स्वयंपाकघराच्या दाराशी लावलं, जिथून त्याला पहिल्याचं नीट ऐकू येईल.

"रुमाल घालू ना वरून?"

"आईला घाल. हा तापतो, ह्याला उघडाच राहू दे."

नवव्या संध्याकाळी काकांना उशांना टेकवून बसवलं. मी फोन धरला. त्यांनी घसा साफ केला आणि पहिली ओळ सोडली. श्वासभर काहीच नाही. रुफिनाने माझं मनगट घट्ट पकडलं. काका मात्र निवांत थांबले. उत्तराची वाट बघण्यात त्यांचा जन्म गेलेला. आणि मग ओरेगॉनहून अख्खी ओळ परत आली, एक शब्द न सांडता. त्या घोळक्यात एक पोरीचा सूर सगळ्यांपेक्षा चढा होता.

"दोमितिलाची नात," काका गालातल्या गालात हसले, डोळे भरलेले. "आजीसारखीच ऐकणार नाही कुणाचं."

पद शेवटपर्यंत झालं. मग रुफिनाने आतोले, म्हणजे मक्याची गरम पेज, नि गोड पाव वाटले. देव्हारा रिकामाच राहिला. आईला ओसरीच आवडली, असं रुफिना सांगते.

आता तुमच्याकडे एकच मागणं. पुढच्या वेळी कुणासाठी दिवा लावाल, तेव्हा आमच्या दोमितिलाचंही नाव घ्या. आणि घ्याल तेव्हा सूर जरा चढाच लावा. तिला तसाच आवडायचा.